उमाजी कोतवालाची दुसरी दवंडी

पोंभुर्ण्याच्या रानातल्या त्या गावात उमाजी कोतवालाचा आवाज दाट धुक्यातूनही शेवटच्या घरापर्यंत पोचायचा. वाघ कोणत्या पाणवठ्यावर दिसला, तहसीलदार कधी येणार, सगळं त्याच्याच तोंडून कळायचं. डफडं वाजलं की बायका हातातलं काम थांबवून ऐकत. उमाजीला स्वतःला मात्र दवंडी देताना झोपेत चालल्यासारखं वाटे. शब्द सरकारचे, गळा आपला, आणि भोवती नव्या धानाचा गोडसर वास.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. त्या हिवाळ्यात एका फरार दरोडेखोराच्या मागावर पोलीस गावात उतरले. पहाटे गावचा मासेमार झाडू ढिवर नेहमीसारखा तलावात डोंग्यावर, आपल्या लहानशा होडीवर, उभा राहून बांबूनं पाणी रेटत होता. काठावरून गोळी सुटली. बदकं उडाली आणि कितीतरी वेळ गावावर घिरट्या घालत राहिली. रिकामा डोंगा आपल्याच तंद्रीत वाहत कमळांत जाऊन थांबला.

झाडूचं प्रेत पाण्याबाहेर काढलं ते उमाजीनंच. त्याच्या मुठीतला बांबूही त्यानंच सोडवला.

दुपारी फौजदारानं त्याला बोलावलं. "गावात सांग. हा दरोडेखोराचा साथीदार होता. पोलिसांवर बंदूक रोखली, म्हणून गोळी चालवावी लागली."

उमाजी निघाला आणि सांगत गेला. तो पुढं सरकेल तशी मागं दारं लागत गेली. म्हातारा बुधू तेवढा ओट्यावर बसून होता.

"कोन्ती बंदूक रे, उमाजी?"

"साहेब सांगून राह्यले, भाऊ."

"साहेब सांगन. तू काऊन सांगून राह्यला?"

पुढं चांद्याहून मोठे साहेब चौकशीला आले. फौजदाराच्याच मुक्कामावर जेवले, तलाव लांबूनच पाहिला आणि तेच खरं ठरवून गेले. उमाजीनं तेही पुकारलं. त्यानंतर गावाचा त्याच्या दवंडीवरचा विश्वासच उडाला. वाघ आलाय म्हटलं तरी माणसं त्याच वाटेनं लाकडाला जायची. आपला आवाज पाण्याखालून येतोय, असं त्याला वाटू लागलं.

उन्हाळ्याच्या तोंडी शेजारच्या गावात देवी आल्या. लस टोचणारे चावडीत येऊन बसले. उमाजीनं गळा बसेस्तोवर पुकारलं, पण एकही बाई पोर घेऊन आली नाही. शेवटी तो झाडूच्या बायकोकडे, कुंताकडे गेला. ती अंगणात जाळं सांधत होती. लहानगी लेक बाजूला झोपली होती.

"बाई, पोरीले टोचून घे."

"सरकार म्हनते म्हनून?"

"नाई. मी म्हनतो."

कुंतानं मान वर केली. "मह्या मानसाले तुह्याच तोंडानं डाकू म्हनलं ना, भाऊ? मंग त्याच तोंडाचं मी आता कसं आयकू?"

उन्हात पळसाची फुलं गळत होती. उमाजीनं तिच्याच दारात डफड्यावर थाप मारली.

"आयका हो! झाडू ढिवराच्या हाती बंदूक नवती. डोंग्याचा बांबू होता. मी सोता त्याच्या मुठीतून सोडवला. हे सरकार म्हनत नाई, हे उमाजी म्हनते!"

तो गावभर तेच सांगत फिरला. दारं उघडली. माणसं उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. चावडीकडं वळल्यावर तो म्हणाला, "आता लसीचंबी मीच सांगतो. मही बायको गिरजा पयले टोचून घेईन." गिरजानं दंड पुढं केला. तिच्यामागं कुंता लेकीला कडेवर घेऊन आली, आणि तिन्हीसांजेपर्यंत चावडीत पोरांची रडारड चालू होती.

फौजदारानं उमाजीचा बिल्ला काढून घेतला. सरकारदरबारी झाडू दरोडेखोराचा साथीदारच राहिला. गावात मात्र त्याला तसं कुणी म्हटलं नाही. उमाजी दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवण्याला मजुरीनं जाऊ लागला. कुंता अधूनमधून गिरजाकडे मासे द्यायची. दोघी थोडा वेळ सावलीत बसून राहायच्या.