बेसनाच्या लाडवांचा डबा

सुट्टीत शारजाला, घरी आले आहे. आई तुपात बेसन भाजतेय आणि त्या खमंग वासाबरोबर माझा जुना राग वर येतोय.

जर्मनीला शिकायला निघाले तेव्हाही तिने असेच लाडू वळले होते. वरच्या मजल्यावरचे देसाईकाका निरोप द्यायला आले. काका इंजिनियर, माझे बाबा व्हॅन चालवतात, शाळेपुढे शिकलेले नाहीत. उघड्या बॅगेतला लाडवांचा डबा पाहून काका हसले. "अरे, युरोपला चाललीय की गावाला? तिथे सगळं मिळतं. काढा तो डबा!"

बाबांनी मुकाट्याने डबा काढला.

लाइपझिगला पोचले तो रविवार होता. करडं आभाळ, ओल्या दगडांचा वास, आणि एकूणएक दुकान बंद. आमच्याकडे खालच्या ग्रोसरीला फोन केला की कधीही दूध-ब्रेड दारात येतो. रविवारी दुकानं बंद असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भुकेने रडकुंडीला येऊन मी घरी फोन लावला.

"थांब हं बाळा," बाबा म्हणाले, "काकांना विचारून सांगतो."

"त्यांना नका विचारू!" मी भर रस्त्यात ओरडले. "तुम्ही सांगा ना, बाबा!"

मग ते म्हणाले, "डबा राहू द्यावा असं वाटत होतं गं मला. पण मी कुठे कॉलेजात गेलोय?"

तेव्हा मला फक्त काकांचा राग आला होता. आता त्याहून जास्त राग याचा येतो, की स्वतःच्या मुलीच्या बॅगेत काय ठेवायचं हे सांगायलाही पदवी लागते, असं माझ्या बाबांना खरंच वाटत होतं.