तीस बायका, एक बिल्ला

मॅनेजरसाहेबांनी छडीच्या टोकाने फरशीवरची ओल दाखवली. "म्हातारे, तांदूळ भिजला असता म्हणजे?"

गिरणीतले पुरुष हसले.

ती ओल माझ्या आईची होती. सूप छातीशी धरून ती उभी होती. लुगडं मागून भिजलेलं. मी दाराशी हजेरीचं पुस्तक घेऊन उभा. हललो नाही.

पनवेलच्या त्या भातगिरणीत तीस बायका तांदूळ पाखडत. मी सातवी पास, अक्षर वळणदार, म्हणून कारकून. संध्याकाळी समतेची पत्रकं वाटायचो. सकाळी साहेबांचे हुकूम पाटीवर रंगवायचो. महिन्यापूर्वी रंगवला होता: 'बाहेर जाण्यास बिल्ला एकच. बिल्ल्याविना जागा सोडू नये.' खाली हौसेने वेलबुट्टीही काढली होती मी.

त्याआधी बायकांची आपली रीत होती. जिला जायचं ती सूप उपडं घालून जायची. ते बघून शेजारीण तिचाही ढीग पाखडायची. काम कधी अडलं नाही. साहेबांना फक्त उपडी सुपं दिसली. कामचुकारपणा दिसला. मला रीत माहीत होती. आईनेच सांगितलेली. मी बोललो नाही. कुणी विचारलं नाही ना!

सुट्टीत आई पोत्यांआड लुगडं पिळत होती.

"आये, तशीच जायचंस ना."

"बिल्ला खुंटीला नव्हता, बाला. पाटी तुजी. आमीच मोडली तर तुला बोल लागंल, म्हनून थांबले."

शेजारची काशी फिसकन हसली. "शिकला रं तुजा पोर! आयशीला मुतायाचा कायदा लिवला."

दुपारी साहेबांनी रंगाचा डबा पुढे सरकवला. नवा हुकूम: 'जागा घाण करणारीस काढून टाकण्यात येईल.'

"ठळक काढ."

"लिहिणार नाही."

"दुसरा लिहील."

"लिहू दे. पण काम कसं चालतं ते त्या तीस बायकांना विचारा. तुम्हाला माहीत नाही. मला माहीत होतं, मी गप्प बसलो."

"चालता हो."

झालो. जाताना माझी पाटी उतरवून काखेत घेतली. कुणी अडवलं नाही. आईने वर पाहिलंही नाही.

फरशी तेव्हाच वाळली असेल. माझी मान अजून वर होत नाही. होऊही नये. पण ज्यांच्या हातात काम आहे, त्यांना विचारल्याशिवाय हा हात त्यांच्यासाठी एक ओळ लिहिणार नाही. हुकमाची नाही. पत्रकाचीसुद्धा नाही.