मुन्शींनी घेतलेला माझा जबाब

तो प्रकार आठवला की आजही मला बसल्या जागी हसू फुटतं आणि बायको आतून विचारते, "आता काय झालं?" नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण चार माणसं जमली की सांगतो ती हीच हकिकत. कारण ज्या साक्षीदारामुळे या तपासाची उकल झाली, त्याला आपण साक्षीदार आहोत याचाच पत्ता नव्हता.

मराठी माणूस दिल्लीच्या पोलिसात कसा, असं मला अनेकजण विचारतात. वडील सैन्यात सुभेदार होते. माझं बालपण छावणीत गेलं, शिक्षण इथेच झालं आणि भरतीही इथेच. घरात मराठी आणि घराबाहेर हिंदी, असा सगळा जन्म गेला. त्या वेळी मी मध्य दिल्लीतल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. ठाण्याला लागूनच स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या गल्ल्या होत्या, त्यामुळे मोबाइल गेला, पाकीट गेलं, घरमालकाशी भांडण झालं, अशा तक्रारी रोजच्याच. त्यात आपल्याकडची मुलं पुष्कळ असायची.

मार्च संपत आला होता. दुपारी बाराच्या सुमारास एक मुलगी हिंदीत तक्रार सांगत माझ्यासमोर उभी राहिली. टेबलावरच्या पाटीवर माझं आडनाव वाचलं आणि हिंदी सोडून म्हणाली, "सर, तुम्ही मराठी?" एवढं बोलून ती रडायलाच लागली.

ती सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिची मुलाखत होती. दोनदा अपयश आल्यावर पहिल्यांदाच ती या टप्प्यावर पोहोचली होती. मुलाखतीच्या जागी मूळ प्रमाणपत्रं दाखवावी लागतात आणि ती सगळी ज्या बॅगेत होती, तीच बॅग गेली होती.

"कुठे गेली?"

"झेरॉक्सच्या दुकानात. साडेदहाला ई-रिक्षातून उतरले, बॅग खांद्यावरच होती. दुकानात गर्दी होती, म्हणून काउंटरवर ठेवली. माझा नंबर आला तेव्हा बघते तर बॅग नाही, नुसती पुस्तकांची पिशवी."

"काउंटरवर ठेवल्याचं नक्की आठवतं?"

"हंड्रेड पर्सेंट, सर. ठेवताना आतल्या स्टीलच्या बाटलीचा आवाज पण झाला."

बाटलीचा आवाजसुद्धा आठवतो म्हटल्यावर शंकेला जागाच राहिली नाही. मी बॅगेतल्या वस्तूंची यादी करायला सांगितली. फाइल, मुलाखतीचं पत्र, दोन पेनं, बाटली, रुमाल. "आणखी काही?" विचारलं, तर ती जरा थांबली आणि "काही नाही" म्हणाली. आमच्या मुन्शींनी, म्हणजे ठाण्याचं दफ्तर सांभाळणाऱ्या हवालदारांनी, रोजनाम्यात नोंद केली. हे रोहतककडचे, मिशा भरघोस आणि बोलणं मोजकं.

दुकानातल्या कॅमेऱ्यात ती पाठमोरी दिसत होती आणि तिच्या खांद्यावर एक पट्टा स्पष्ट दिसत होता. पुढचं काउंटर गर्दीने झाकलेलं. तेवढ्यात आमच्या खबऱ्याचा, एका पेपरवाल्याचा, फोन आला. झेरॉक्सवाला अकरा वाजता दुकान मुलाच्या ताब्यात देऊन, हातात थैली घेऊन मेट्रोकडे धावत गेला होता. इतक्या वर्षांत भरदिवसा त्याने दुकान कधी सोडलं नव्हतं. मला वाटलं, झालं काम.

फोन लावला तर तो गाझियाबादला पोहोचला होता. बोलावताच आला. पासष्टीचा, सडपातळ गृहस्थ. थैली उघडली तर आत दोन झबली, विणलेलं टोपरं आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. त्याच्या मुलीला सकाळीच मुलगी झाली होती.

"साहब, नातिन का मुँह देखे बिना लौटा हूँ," तो शांतपणे म्हणाला. "हॉस्पिटल के गेट पर आपका फोन आया।"

मी त्याला रीतीप्रमाणे तासभर प्रश्न विचारले. त्याची उत्तरं सरळ होती. शेवटी मी म्हटलं, तुम्ही जाऊ शकता. तो उठला नाही. "इन बच्चों के कागज़ मेरे हाथ से होकर निकलते हैं, साहब। आज तक एक पन्ना इधर से उधर नहीं हुआ। बैग मिलने तक यहीं बैठूँगा। ऐसे गया तो गली में क्या मुँह दिखाऊँगा?" बाकावर एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन ती मुलगी, असे ते बसून राहिले. मला स्वतःचीच लाज वाटली.

साडेचार वाजले. सकाळपासून मी जेवलो नव्हतो. मेसमधून राजमा-चावल आले. दोन घास खाल्ले आणि ताट सरकवत म्हणालो, "इसमें कोई दम नहीं। मिर्ची तो हमारी माँ कूटती थी।"

मुन्शींनी पेन खाली ठेवलं. "जनाब, बुरा मत मानना। आज ग्यारह बजे से आप चौथी बार माताजी की मिर्ची का ज़िक्र कर रहे हो। पहले संतरी को सुनाया, फिर ड्राइवर को, फिर मुझे। इतने साल आपके साथ हो गए, पहले तो कभी नहीं सुना।"

मी चमकलो. हवालदार खरं बोलत होते. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. ती होती तोवर दर उन्हाळ्यात गावाहून सुट्टी संपवून येणारा कुणीतरी जवान तिने गावी कुटलेल्या कांदा-लसूण मसाल्याची बरणी घेऊन यायचा. गावाकडून येणाऱ्याने दहाजणांची पार्सलं आणायची, हा छावणीतला परिपाठच होता. आई गेली आणि ते बंद झालं. माझी बायको इंदूरची, तिला तिखट सोसत नाही. मग आजच, अकरा वाजल्यापासून, मला हे कुठून सुचत होतं?

मी दार लोटलं आणि म्हणालो, "मुन्शीजी, मेरा बयान लो।"

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग माझा चेहरा पाहून त्यांनी कागद ओढला आणि आरोपीला विचारावं तशा कोरड्या आवाजात सुरुवात केली. "ग्यारह बजे कहाँ थे?"

"राउंड पर।"

"कहाँ-कहाँ गए?"

"हवालात, मालखाना, फिर पीछे का यार्ड।"

"यार्ड में क्या किया?"

"जप्त गाड़ियाँ गिनीं। और कुछ नहीं।"

"सोच के बताओ।"

"कुछ नहीं। एक छींक आई, बस।"

मुन्शींनी वर पाहिलं. "छींक क्यों आई?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण नाकाकडे होतं. मी बाहेर आलो आणि मुलीला विचारलं, "बेटा, बॅगेत मसाला होता का?"

ती गोरीमोरी झाली. "तुम्हाला कसं कळलं? आमच्या गावातले एक दादा मिलिटरीत आहेत. ते सकाळी मेट्रोच्या गेटवर भेटले आणि आईने पाठवलेली बरणी दिली. घाईत बॅगेत टाकली. मसाला कोण चोरेल, म्हणून बोलले नाही. पोलिसात काय लाल मसाला लिहून द्यायचा?"

आम्ही यार्डात गेलो. मुख्य रस्त्यावर बंदी असताना धावणाऱ्या आठ-दहा ई-रिक्षा सकाळी पकडून आणल्या होत्या. मी एकेकीजवळून चालत गेलो. मुन्शी मागून म्हणत होते, "मुझे तो कुछ नहीं आ रहा जनाब, बैटरी की बू के सिवा।" चौथ्या रिक्षेपाशी मला शिंक आली. मागच्या सीटच्या पाठीमागच्या फटीत हात घातला आणि बॅगेचा पट्टा हाताला लागला.

सगळं कोडं पाच मिनिटांत सुटलं. रिक्षेत दाटी होती म्हणून मुलीने बॅग सीटमागे सरकवली होती. खांद्यावर राहिली ती पुस्तकांची कापडी पिशवी. बाटलीही त्याच पिशवीत, पुस्तकांच्या खाली होती आणि काउंटरवर तीच आदळली होती; दिवसभर तिने त्या पिशवीत हातच घातला नव्हता. ती उतरल्यावर दहा मिनिटांत रिक्षा जप्त झाली आणि चालक कागदपत्रं आणायला घरी धावला. बिचाऱ्याने मागे वळून पाहिलंही नव्हतं.

बरणीतून तेल पाझरून फाइलचा कोपरा लालभडक झाला होता, पण आतली प्रमाणपत्रं प्लॅस्टिकमध्ये कोरडी होती. मुलगी हसत होती आणि डोळे पुसत होती. झेरॉक्सवाल्याने फाइल हातात घेऊन एकेक कागद मोजला, म्हणाला, "पूरे हैं, बिटिया," आणि मगच थैली उचलली. मी हात जोडून त्याची माफी मागितली. त्याने डबा उघडून सगळ्या ठाण्याला लाडू वाटले आणि आमच्या बीट हवालदाराने त्याला मोटारसायकलवरून मेट्रोपर्यंत सोडलं. सात वाजता त्याचा फोन आला, नात बापावर गेली आहे म्हणून. त्या संध्याकाळी ठाण्यात सण असल्यासारखं वातावरण होतं.

माल कुणी दाखवून दिला, या नोंदीपाशी मुन्शी तेवढे अडून बसले. "जनाब, रोज़नामचे में क्या लिखूँ? किसकी निशानदेही पर बरामद हुआ?"

"लिखो, थाना प्रमुख की नाक की," मी म्हटलं. त्यांनी काय लिहिलं ते मी मुद्दाम वाचलं नाही.

त्या दिवसापर्यंत मला माझ्या डोक्याचा भारी अभिमान होता. डोकं काय करत होतं? एका निरपराध आजोबाला नातीच्या दारातून परत आणत होतं. मुलगीही खोटं बोलली नव्हती. जिथे आठवण नव्हती तिथे तिच्या मनाने आवाजासकट चित्र रंगवून दिलं होतं आणि तिने ते इमानदारीने सांगितलं. खरं उत्तर अकरा वाजल्यापासून माझ्याच आत पडून होतं. आपण विचार करतो ती मनाची बाहेरची खोली. आत आणखी कुणीतरी सतत कामाला असतं, आणि त्याला बोलता येत नाही, म्हणून ते खुणा करतं. पुढे नोकरी होती तोवर मी साक्षीदाराला "काय पाहिलंत?" एवढंच विचारून थांबलो नाही. "त्यानंतर दिवसभर मनात काय घोळत होतं?" हेही विचारत गेलो. आणि खात्रीने बोलणाऱ्याचं ऐकून घ्यायचं, पण त्या खात्रीवर कुणाला बाकावर बसवायचं नाही, हे कायमचं शिकलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुलगी मुलाखतीहून थेट ठाण्यात आली. साडीची सवय नसल्याने निऱ्या हातात धरूनच चालत होती. मी खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "कशी झाली?"

"काका, काय विचारलं ते सगळं आठवतंय," ती म्हणाली. "पण मी काय उत्तरं दिली, यातलं एक अक्षर आठवत नाही. आता काय होणार?"

"काही होत नाही," मी म्हटलं. "उत्तरं ज्याने द्यायची त्यानेच दिलीत."

निकाल लागला तेव्हा यादीत तिचं नाव होतं.