आंदणातला स्टोव्ह

चूक माझी होती. शेजारी कुणी स्टोव्ह पेटवला आणि रॉकेलचा वास आला, की ती चूक मला पुन्हा आठवते. देवळीच्या ज्या दुकानात मी कामाला होतो, तिथलाच पितळी स्टोव्ह मी धाकट्या बहिणीला आंदणात दिला होता. पोळ्यानंतर कारखान्याचं पत्र आलं: या खेपेच्या टाकीचा सांधा उकलतो, विकलेले स्टोव्ह परत मागवा. मी गिऱ्हाइकांच्या घरोघरी जाऊन स्टोव्ह गोळा केले, फक्त समुद्रपूरला तिच्या सासरी गेलो नाही. आई म्हणाली, "आंदणाची वस्तू वापस आणतेत काय रे? तिची सासू काय म्हणन? दिवाळीले येईनच थे, तवा बदलून देजो." मलाही तिथं कमीपणा नको होता. दिवाळीच्या आठ दिवस आधी चिवड्याचं तेल तापत असताना टाकी फुटली. दवाखान्यात ती पुटपुटली, "दादा, माह्याच हातून पंप जास्त झाला असन." पत्राचं मी तिला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली. पोरीला साधा स्टोव्ह पेटवता येत नव्हता, असं तिच्या सासरी पुढं वीस वर्षं बोलत राहिले. अखेर परवा मी तिच्या थकलेल्या सासूसमोर बसलो आणि म्हणालो, "तिची काहीच चूक नव्हती. मले आधीच पत्र आलतं, मीच आलो नाई. मले माफ करा."