परत द्यायचे कोयते

"हत्यार बाहेर, गाऱ्हाणं आत," असं म्हणून मामा हात पुढे करायचे. आमच्या तालुक्याच्या कचेरीच्या फाटकावर ते वॉचमन होते. मी तिथे झाडू मारते आणि चहा करते.

आपल्याकडची माणसं तुम्हाला ठाऊक आहेत. नारळाच्या वाडीतून सरळ कचेरीत येतात, कमरेच्या आकडीला कोयता तसाच. मनात काही नसतं. मामा ते कोयते घेऊन खिडकीच्या गजांना अडकवायचे.

मग वरून हुकूम आला आणि फाटकात एक वाजणारी चौकट बसली. ती बांगड्यांना वाजायची, छत्रीला वाजायची, साहेबांच्या पट्ट्याला तर रोज. वीज गेली की गप्प. तेव्हा मामा शेजारी उभे राहून प्रत्येकाला तोंडाने "टुंई" करायचे.

"सरकारी काम हाय वहिनी, बंद ठेवून कसं चालंल?" मी हसले की मला म्हणायचे.

आत येणाऱ्याचं काय करायचं ते हुकुमात होतं. बाहेर पडणाऱ्या चिडलेल्या माणसाच्या हातात कोयता परत द्यावा लागतो, त्याबद्दल काही नव्हतं.

एकदा दोन सख्खे भाऊ वाडीच्या वाटेच्या भांडणावरून सुनावणीला आले. निकाल थोरल्याच्या बाजूने लागला. तो आपला कोयता घेऊन समोर रेवसच्या एसटीची वाट बघत उभा राहिला. मागून धाकटा आला, डोळे लाल.

"माझा कोयता द्या."

"शोधतोय. बस जरा."

"न्हाय बसत. तो काय, गजाला हाय."

"तो तुझा न्हाय. तुझा सापडत न्हाय."

मामा स्टुलावर बसले होते आणि धाकट्याच्याच कोयत्याची मूठ त्यांच्या मांडीखालून बाहेर आली होती. मी चहा घेऊन गेले आणि मूठ झाकली जाईल अशी उभी राहिले.

"म्हाताऱ्या, कोयते हरवायला ठेवलाय काय तुला सरकारनं?"

"व्हय, पगार त्याचाच."

एसटी आली. थोरला चढला. गाडी वळणाआड गेली.

"हा बघ, सापडला," मामा म्हणाले.

धाकट्याने साहेबांकडे तक्रार केली, कचेरीत लोकांच्या वस्तू नीट ठेवत नाहीत. मामांनी खरं सांगितलं असतं तर पोलिसांनी त्याला बोलावलं असतं. मामा म्हणाले, "मला हल्ली नीट दिसत न्हाय, साहेब." ज्याला दिसत नाही असा वॉचमन कोण ठेवील? त्यांना काढलं.

आता कंपनीचा निळ्या शर्टाचा माणूस आहे. तो कोयते घेत नाही, नियमात नाही म्हणतो. लोक कुंपणाला टांगून जातात. कुणीही कुणाचाही उचलावा.

परवा त्याच वाटेची फेरसुनावणी होती. थोरला आत जाऊन बसला. धाकटा फाटकाशी आला.

"मामा कुठं हायत?" त्याने मला विचारलं.

"काढलं त्यांना," मी म्हटलं.

त्याने आकडीतून कोयता काढला आणि तो कुणाकडे द्यावा हे न कळून तिथेच उभा राहिला. आतून दोघा भावांची नावं पुकारली.