वेशीसकट नवेगाव

दारव्ह्याहून निघालेल्या जीपने मला चुकीच्या फाट्यावर उतरवलं. समोर धरणाचा तलाव पसरला होता. माझ्या मैत्रिणीचं जुनं गाव त्याच पाण्याखाली गेलं. पुनर्वसनाची वस्ती टेकाडापलीकडे होती. फुटलेल्या कापसाच्या वावरांतून (शेतांतून) चालत गेले. सुंदर मुलूख! चपलांना चिकटलेली काळी मातीही जड वाटली नाही.

कॉलेजातली मैत्रीण सुजाता दारातच भेटली. भाकर आणि वांग्याची झणझणीत भाजी वाढत म्हणाली, "लवकर जेव. ग्रामसभा हाय. गावाचं नाव ठरून राह्यलं."

जुन्या गावात तिचं बौद्ध घर वेशीबाहेर होतं. इथे चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले, आणि पाटलांचे नामदेवकाका तिचे शेजारी झाले. तिला 'नवेगाव' हवं होतं, काकांना जुनंच नाव.

सभेत काका म्हणाले, "नवं हे काय नाव हाय? दहा सालानं जुनं होईन, मंग?"

मी भूगोलाची शिक्षिका, राहवलं नाही. "काकाजी, इटलीतलं एक शहर ग्रीकांनी वसवलं. नाव ठेवलं नेआपोलिस. नेआ म्हणजे आपलं 'नव', पोलिस म्हणजे आपलं 'पूर'. तिथले लोक नापोली म्हणतात, इंग्रज नेपल्स. पॅलेस्टाईनमध्येही एक नेआपोलिस होतं. अरबीत 'प' नाही, म्हणून त्याचं नाबलुस झालं. दोन हजार वर्षं झाली, नाव नवंच!"

लोक हसले. काका हसले नाहीत. "अन् त्या इटलीवाल्याच्या आंधी (आधी) तिथं काय होतं?"

"शेजारीच एक जुनी वस्ती होती. पार्थेनोपे."

"म्हंजे जुनं नावबी मालूम हाय तुले." ते सुजाताकडे वळले. "मंग आपल्या पोराइले जुनं नाव सांगत जाशीन?"

सुजाता उठली. "सांगीन, काकाजी. वेशीसकट सांगीन."

काकांनी 'नवेगाव'साठी हात वर केला. त्यांच्यामागून बाकीच्यांचे हात वर गेले.

संध्याकाळी सुजाताने माझ्यासाठी जीप थांबवली. "नवेगावची एक सवारी हाय, दारव्ह्याले!"

"कोनतं नवेगाव?" ड्रायव्हरने विचारलं.

"हे!" तिने मागे हात केला.

नेपल्स म्हणताना आता कुणाला त्यातलं 'नवं' ऐकू येत नाही. इथे ते मला स्वच्छ ऐकू आलं.