साळवे मॅडम त्या दिवशी फोनवर काय म्हणाल्या होत्या

साळवे मॅडमची आणि माझी पहिली ओळख झाली ती माझ्या अपमानाने. नगरच्या कॉलेजात मी बारावी सायन्सला होते. रसायनशास्त्राचे सर रजेवर होते, म्हणून त्या तासाला भूगोलाच्या प्राध्यापिका शकुंतला साळवे आल्या. भूगोल आमचा विषय नव्हता, त्यामुळे आम्ही गप्पा मारायच्या तयारीत बसलो होतो. मॅडमनी मला उठवले आणि विचारले, की माळीवाड्याच्या स्टँडवरून तू रोज चालत येतेस, तो रस्ता एखाद्या दिवशी बंद असला तर कोणत्या वाटेने येशील? मला सांगता आले नाही. "दोन वर्षं चालतेस आणि एकच वाट माहीत आहे," एवढे म्हणून त्यांनी मला खाली बसवले. वर्ग हसला. मी पाथर्डीकडून आलेली, आधीच बुजलेली मुलगी. त्या बाईंचा राग माझ्या मनात बरेच दिवस होता.

मॅडमच्या साठीनिमित्त आणि सेवानिवृत्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागताना समितीने कळवले, की लेख प्रसन्न असावा आणि जुने वाद टाळावेत. मॅडमचे शिकवणे, त्यांच्या सुती साड्या, त्यांच्या हातची शेंगदाण्याची चटणी यांवर इतर मंडळी प्रसन्न लिहितीलच. मला ते जमणार नाही. मॅडमचा गौरव करायचा आणि त्यांच्यावर काय लादले गेले ते गाळायचे, हे माझ्याच्याने होत नाही. संपादकांना हा लेख नको असेल तर त्यांनी सगळाच परत करावा, मधला भाग कापू नये.

बारावीला मला मार्क बरे पडले, पण मेडिकलला लागतात तेवढे नाहीत. त्या सुमारास सोव्हिएत देशात मुले डॉक्टर व्हायला पाठवायची टूम आपल्या जिल्ह्यात निघाली होती. नगरमध्ये एका साहेबांनी मार्गदर्शन केंद्र उघडले होते. हे साहेब आज या गौरवसमितीचे कार्याध्यक्ष आहेत, त्यामुळे त्यांचे नाव मी वेगळे लिहीत नाही. पहिल्याच पानावर ते मोठ्या अक्षरांत असेल.

मॅडम यात पडल्या त्या पालकांमुळे. मुलगा जातोय तो देश आहे तरी कुठे, हे विचारायला लोक भूगोलाच्या बाईंकडे येत. मॅडम भिंतीवरचा नकाशा खाली काढून जमिनीवर पसरत आणि आया-बापांना त्याच्याभोवती बसवून तिथून घरी यायच्या वाटा दाखवत. जायची वाट केंद्रवाले सांगतील, असे त्या म्हणत. जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांचे सांगणे ठरलेले होते. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात वसतिगृहापासून रेल्वे स्टेशनपर्यंत पायी जाऊन यायचे. एखाद्या स्थानिक घराशी ओळख ठेवायची. गडबड झाली तर बघायला बाहेर पडायचे नाही. आणि पासपोर्ट कुणाकडे ठेवायला द्यायचा नाही, तो स्वतःच्या अंगावर ठेवायचा. त्यासाठी आईने कापडी पिशवी शिवून द्यायची.

या पासपोर्टवरूनच पुढचे सगळे झाले. आमची तुकडी जायच्या आधी साहेबांनी पालकांचा मेळावा घेतला आणि सांगितले, की मुले वेंधळी असतात, सर्वांचे पासपोर्ट तिकडेच राहणाऱ्या त्यांच्या भाच्याच्या कपाटात सुरक्षित राहतील. मॅडम उठून उभ्या राहिल्या. अडचणीच्या वेळी भाचा सापडला नाही तर मुलांनी काय करायचे, असे त्यांनी विचारले. पासपोर्ट हातात असला तर मुलगा दुसऱ्या संस्थेत जाईल याची तुम्हाला धास्ती आहे, हेही त्यांनी तोंडावर सांगितले. साहेब हसले. आपल्या शिंगणापुरात घरांना दारे नाहीत आणि मॅडम पोरांच्या पोटाला कुलूप बांधायला सांगतात, असे ते म्हणाले. सभागृह खो खो हसले.

तेव्हा पाथर्डीचे भानुदास मुकादम बोलले. दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन ते कारखान्यावर जात. माणूस शब्दाचा पक्का, भागात वजन असलेला. त्यांचा दत्तू माझ्याबरोबर निघाला होता. "टोळीचं समदं मुकादमाच्या हाती आसलं म्हंजी टोळी फुटत न्हाई," ते म्हणाले. "पोरांचं बी तसंच हाय." त्यांच्या मनात काही खोट नव्हती. साऱ्या आयुष्याचा अनुभव ते सांगत होते. त्यांच्या मागोमाग बहुतेकांनी पासपोर्ट साहेबांच्या हवाली करायचे कबूल केले. माझ्या आईने मात्र जुन्या परकराच्या कापडाची पिशवी शिवून माझ्या कमरेला बांधली. आईला मॅडमचे सगळे पटले होते असे नाही, तिला मॅडमची भीती वाटायची.

आम्ही जिथे शिकत होतो त्या शहराचे नाव मी लिहीत नाही, कारण तिथे आता पुन्हा आपली मुले जाऊ लागली आहेत. पहिले वर्ष बरे गेले. मग त्या मोठ्या देशाचे तुकडे झाले, आमचा तुकडा आपसातच भांडू लागला आणि बाजारातली रांग एके दिवशी गोळीबारात उधळली. त्यानंतर वसतिगृहाच्या खिडक्यांना आम्ही गाद्या लावल्या. साहेबांचा भाचा दिसेनासा झाला. इकडे साहेब पालकांना सांगत होते, की वर्तमानपत्रे तिखटमीठ लावून लिहितात, परीक्षा तोंडावर आली आहे, मुलांना हलवू नका.

मॅडमनी मात्र स्टँडजवळच्या बूथवरून वसतिगृहाच्या रखवालदारीण बाईंच्या खोलीत फोन लावला. पहिला फोन मी घेतला. वंदना, आज दुपारची गाडी सुटणार आहे का, एवढेच त्यांनी विचारले. सुटणार होती. मग जेवढे आहात तेवढे मिळून निघा, परीक्षेचे मी बघते, असे त्या म्हणाल्या. दत्तूने माझ्या हातून फोन घेतला आणि आपला पासपोर्ट भाच्याच्या खोलीत असल्याचे सांगितले. त्या जुन्या फोनमधून मॅडमचा आवाज मला शेजारी उभे राहून ऐकू येत होता.

"तसाच नीघ," मॅडम म्हणाल्या. "कागदाच्या मागं जाऊ नकोस. कागद पुन्हा मिळतो. वंदनाला सोडू नकोस आणि आज नीघ."

दत्तू व्हय व्हय म्हणाला. आम्ही सामान बांधायला घेतले, तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. या वेळी पाथर्डीहून त्याचे वडील होते. त्यांचे बोलणे मला ऐकू आले नाही, दत्तूचे आले. तो म्हणाला, "आण्णा, मॅडम तसंच निघा म्हनत्यात." मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "बरं. घिऊनच निघतो." फोन ठेवून त्याने आम्हाला पुढे व्हायला सांगितले. खोली जवळच होती, दार ढकलून पासपोर्ट काढतो आणि स्टेशनवर गाठतो, असे त्याचे म्हणणे. मी त्याची बाही धरली होती. त्याने ती सोडवून घेतली. त्याच्या वडिलांचा शब्द घरात कुणी मोडत नसे.

गाडी सुटेपर्यंत मी डब्याच्या दारात उभी होते. तो आला नाही. त्या देशांच्या सीमा तेव्हा नुकत्याच आखल्या गेल्या होत्या. आपल्या वकिलातीच्या दारापर्यंत सबंध रेल्वेप्रवासात आमचे पासपोर्ट एकाही माणसाने पाहायला मागितले नाहीत, आणि पुढचा कागद वकिलातीने दिला असता. दत्तू आमच्याबरोबर तसाच बसून आला असता. ही गोष्ट मी एवढ्या वर्षांत कुणाजवळ बोलले नाही.

दत्तू भाच्याच्या खोलीपर्यंत पोहोचलाच नाही. चौकात दोन्हीकडून गोळ्या चालू झाल्या, त्यात तो सापडला. त्याला घरी आणायलाही फार दिवस लागले.

आणि मग आपल्या जिल्ह्याने साळवे मॅडमचा जो सत्कार केला तो या ग्रंथात कुठेच नसणार, म्हणून सांगते. साहेबांनी पहिल्याच दिवशी पसरवले, की मुले वसतिगृहात सुखरूप होती, या बाईंनी फोन करून त्यांना बाहेर काढले आणि स्टेशनच्या वाटेवर दत्तू गेला. एका स्थानिक पत्राने तसेच छापले. कॉलेजने मॅडमची चौकशी लावली. विद्यार्थ्यांच्या खाजगी बाबींत पडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असे त्यांना विचारण्यात आले. प्राचार्यपद त्यांच्याकडे चालत येणार होते, ते त्यांच्याहून नवख्या गृहस्थांना मिळाले. काहींनी त्यांची जात काढली. एरवी बुद्धजयंतीला त्यांच्या घरी खीर खाणाऱ्यांनीही काढली. पाथर्डीच्या स्टँडवर भर गर्दीत भानुदास मुकादम त्यांच्यासमोर उभे राहिले आणि "माझं पोर हिनं खाल्लं" म्हणाले. मॅडम मान खाली घालून तशाच उभ्या राहिल्या. त्यांची गाडी आली तरी मुकादम बाजूला होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

मी तेव्हा परत आलेली होते. दोन्ही फोनच्या वेळी मी तिथेच होते. मी मॅडमच्या घरी गेले, दुसऱ्या फोनचे सगळे सांगितले आणि म्हणाले, की चला, चौकशी समितीपुढे मी सांगते. मॅडमनी मला आत घेतले, चहा दिला आणि नाही म्हणाल्या.

"भानुदासरावांना माझा राग करू दे," त्या म्हणाल्या. "पोर स्टेशनकडं न येता आपल्या शब्दावर त्या खोलीकडं गेलं हे त्यांना कळलं, तर तो माणूस जगायचा नाही. एका घरातलं एक गेलं तेवढं पुरे."

त्यांनी माझ्याकडून वचन घेतले. चौकशी समितीनेही मला बोलावले नाही. मी बाईंच्या मर्जीतली, म्हणून माझे ऐकायचे कारण त्यांना दिसले नाही. लोक याला मॅडमचा मोठेपणा म्हणतील. मला त्याचा संतापच येत होता आणि आजही येतो. कारण त्या गप्प राहिल्याने भानुदासराव जगले हे खरे, पण त्याच गप्प राहण्यावर साहेबांचे केंद्रही जगले. त्याची आता शिर्डीला शाखा आहे. मुलांचे पासपोर्ट आजही कपाटात जमा होतात. हे मी मॅडमना बोलून दाखवले, तेव्हा त्या खिन्न झाल्या. मग जाणाऱ्या मुलांच्या घरी त्या एकेकट्या जाऊ लागल्या. काही दारे त्यांच्या तोंडावर लागली, तरी जात राहिल्या.

परत आलेल्या आम्हा मुलांना वर्षाच्या मध्यात कुणी दारात उभे करत नव्हते. "परीक्षेचे मी बघते" हा शब्द मॅडमनी पाळला. विद्यापीठात खेटे घालून त्यांनी आम्हाला बी.एस्सी.ला प्रवेश मिळवून दिला आणि बुडालेला अभ्यास सहकाऱ्यांच्या हातापाया पडून भरून घेतला. हातापाया पडणे त्यांच्या स्वभावात नाही, हे त्यांना ओळखणाऱ्यांना माहीत आहे. मी डॉक्टर झाले नाही. पाथर्डीच्या एका शाळेत शिकवते. गल्लीतले लोक अजून मला पळून आलेली म्हणतात, आणि ते ऐकायला मी जिवंत आहे ती मॅडममुळे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. दिवाळीनंतर मुकादम टोळी घेऊन कारखान्यावर गेले, की मॅडम एस.टी.ने पाथर्डीला येत आणि दत्तूच्या आईकडे, हिरामावशींकडे, दिवसभर बसत. दोघी ज्वारी निवडत, फारसे बोलत नसत. मुकादम परत यायच्या सुमारास या भेटी थांबत. काही वेळा स्टँडवरून मीच मॅडमना त्यांच्या घरी पोहोचवले आहे. मावशींना काय माहीत आहे आणि काय नाही, हे मी कधी विचारले नाही.

गेल्या हिवाळ्यात भानुदासराव वारले. मॅडम अंत्ययात्रेला आल्या आणि गर्दीच्या मागे उभ्या राहिल्या. तिथेही कुणीतरी त्यांना तुम्ही जा म्हणून सांगितले. त्या गेल्या.

या लेखाचे निमंत्रण आले तेव्हा मी हिरामावशींकडे गेले. वचन मॅडमना दिले होते, पण ज्यांच्यासाठी ते दिले ते आता नव्हते. कसे विचारावे हे मला कळेना. मी नुसते म्हणाले, की मॅडमवर पुस्तक निघतंय आणि मला लिहायला सांगितलंय. मावशी चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी लाकूड मागे ओढले.

"त्या दिशी मी बूथमधी हुते पोरी," त्या म्हणाल्या. "ह्येंच्या शेजारी. ह्ये म्हनले, पासपोर्ट घेतल्याबिगर हलू नको, बाईंचं ऐकू नको. म्या ऐकलंय ना. म्हाताऱ्याला जगवायचं हुतं म्हनून मी बी गप, बाई बी गप. आता म्हातारा गेला. आता लिव्ह."

म्हणून लिहिले. मॅडमना हा लेख आवडणार नाही, त्याबद्दल मी त्यांचे पाय धरीन. समारंभाच्या दिवशी साहेब त्यांच्या खांद्यावर शाल घालतील, तेव्हा सभागृहातल्या प्रत्येकाच्या हातात हे पान असावे एवढीच माझी इच्छा आहे. मॅडमना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावे, हे मी माझ्या शब्दांत सांगत नाही. उठताना हिरामावशींनी माझ्यापाशी त्यांच्यासाठी निरोप दिला, तोच इथे ठेवते.

"बाईंना म्हनावं, तब्बेत जपा, अजून लई वर्सं जगा. माझ्यामागं माझ्या दत्तूसाठी रडनारं कुनीतरी पायजे."